दोन भिंगांत अंतर किती?

प्रश्न: स्टिरिओ छायाचित्रासाठी दोन भिंगांत नेहमी डोळ्यांएवढेच अंतर ठेवावे का?

उत्तर: नाही. ते अंतर चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू ठरवते. तिच्या अंतराचा तिसावा भाग हा जुना ठोकताळा: दोन मीटरवर साधारण साडेसहा सेंटिमीटर, तीस सेंटिमीटरवरच्या फुलाला जेमतेम एक. दोन कॅमेरे इतके जवळ येत नाहीत, एकच सरकवावा. डोळे तर फूल जवळूनही नीट पाहतात, असा आक्षेप येईल. पण डोळे वस्तूगणिक वळतात. जोडचित्रात पुढचे-मागचे एकदमच समोर असते, आणि फरक फार वाढला की दोन्ही चित्रे जुळत नाहीत. फुलामागे लगेच भिंत असेल तर अंतर थोडे वाढवा, टेलिफोटोला घटवा. दूरच्या किल्ल्यासाठी काही मीटरही चालतात, फक्त तो दिवाळीत अंगणात केलेल्या किल्ल्याएवढा भासतो. मला ते खपते, भूगोलाच्या शिक्षकांना तर आवडेलच.