कानाचे दुखणे, मूळ नाकात

लहान मुलाचा कान रात्री ठणकू लागला की ‘आंघोळीचे पाणी गेले असेल’ असे समजून कानात कोमट तेल सोडण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. वस्तुतः कानाचा पडदा शाबूत असेल तर पाणी वा तेल मध्यकर्णात पोहोचतच नाही. पडदा फाटलेला असल्यास तेच तेल आत जाऊन अपाय करू शकते. बालवयातील बहुतेक कानदुखीचे मूळ नाकाच्या मागे व घशाच्या वरच्या पोकळीत असते.

या पोकळीत न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा व मोराक्सेला हे जिवाणू अनेक निरोगी बालकांमध्येही निरुपद्रवीपणे वास्तव्य करतात. तेथून मध्यकर्णाकडे एक अरुंद नलिका जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावावरून तिला ‘युस्टेशियन नलिका’ म्हणतात. मोठ्यांच्या तुलनेने मुलांमध्ये ती आखूड व आडवी असते. विषाणूजन्य सर्दीत तिचे अस्तर सुजते, मध्यकर्णातील हवेचा दाब घटतो व जिवाणूयुक्त स्राव आत ओढला जातो. तेथे पू साठून पडद्यावर ताण येतो आणि बालक कळवळते. नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेली असल्यास तीही जिवाणूंचे आश्रयस्थान ठरते.

संसर्ग वारंवार झाल्यास मध्यकर्णात द्रव साचून राहतो व ऐकू कमी येते. भाषा शिकण्याच्या वयात हे घडले तर बोलणे मागे पडू शकते. अशा मुलाला घरी व शाळेत ‘दुर्लक्ष करणारा’ ठरवले जाण्याची शक्यता असते. म्हणून अशा मुलाची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये आणि घरात धूम्रपान टाळावे. न्यूमोकोकसविरोधी लस २०२१ पासून देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट असून ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत विनामूल्य दिली जाते. ही लस सर्व जिवाणूंवर वा न्यूमोकोकसच्याही सर्व प्रकारांवर चालत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलाचीही कानदुखी दुर्लक्षू नये.

दोन वर्षांवरील मुलांचा सौम्य संसर्ग पुष्कळदा वेदनाशामक औषधावर दोन-तीन दिवसांत ओसरतो. प्रतिजैविक द्यावे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मागील वेळची उरलेली बाटली पुन्हा वापरल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. कानातून पू येणे, तीव्र ताप, कानामागे सूज किंवा सहा महिन्यांखालील बाळाला कानाचा त्रास, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पालकांनी व हितचिंतकांनी ही माहिती आपल्या शेजारी-पाजारी पोहोचवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.