भाषांतरातील अर्थनिर्णय : ‘मेक अप’ हे इंग्रजी क्रियापद

प्रास्ताविक

‘मेकअप’ हा शब्द मराठीत रुळला तो रंगभूषेच्या अर्थाने. त्यामुळे इंग्रजी उताऱ्यात ‘मेक अप’ दिसताच तोच अर्थ आपल्या मनात प्रथम येतो. इंग्रजीत मात्र ‘मेक’ हे क्रियापद आणि ‘अप’ हे अव्यय यांच्या संयोगातून अनेक अर्थ निर्माण होतात. ‘करणे’ आणि ‘वर’ यांची बेरीज करून ते हाती लागत नाहीत; त्यासाठी संदर्भ पाहावा लागतो.

प्रमुख अर्थ

१. घटक म्हणून मिळून बनवणे : ‘इलेव्हन प्लेयर्स मेक अप अ टीम’ – अकरा खेळाडू मिळून संघ बनतो.

२. मनाने रचणे : ‘द विटनेस मेड अप द स्टोरी’ – साक्षीदाराने हकीकत मनाने रचली.

३. तयार करणे : ‘द केमिस्ट मेड अप द मेडिसिन’ – औषधविक्रेत्याने औषध तयार करून दिले.

४. समेट होणे : ‘द सिस्टर्स मेड अप’ – बहिणींची दिलजमाई झाली. लहान मुलांविषयी असल्यास ‘गट्टी झाली’ हे अधिक स्वाभाविक.

५. भरून काढणे : या अर्थी पुढे बहुधा ‘फॉर’ येते. ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ – वाया गेलेला वेळ भरून काढणे.

६. निश्चय करणे : ‘मेक अप वन्स माइंड’ – मनाशी ठरवणे.

अर्थनिर्णयाचे महत्त्व

दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांची रचना सारखीच आहे. मात्र साक्षीदारावर खोटेपणाचा आरोप आहे आणि औषधविक्रेता केवळ आपले काम करतो आहे. ‘साक्षीदाराने हकीकत तयार केली’ असे मोघम भाषांतर केल्यास आरोपाची धार जाते. उलट, औषधाबाबत ‘बनावट’ अशी छटा आली, तर निर्दोष माणसावर ठपका येतो. म्हणून कर्ता, कर्म आणि मागचीपुढची वाक्ये पाहूनच मराठी क्रियापद निवडावे.

व्याकरणविशेष

कर्म नाम असल्यास ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर येऊ शकते. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच येते : ‘मेड इट अप’ शुद्ध, ‘मेड अप इट’ अशुद्ध. ‘फॉर’ असल्यास मात्र सर्वनाम त्याच्या नंतर येते : ‘मेक अप फॉर इट’.

मराठीशी तुलना करता, इंग्रजीत अव्यय जे कार्य करते ते आपल्याकडे अनेकदा सहायक क्रियापद करते. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’. येथे ‘अप’प्रमाणेच ‘टाकणे’ हे क्रियेची पूर्णता सुचवते, स्वतःचा मूळ अर्थ नव्हे. ‘भरून काढणे’ या प्रयोगातही ‘काढणे’चा मूळ अर्थ मागे पडतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांचे मराठीत भाषांतर करा.
(अ) ‘शी हॅज मेड अप हर माइंड.’
(आ) ‘नथिंग कॅन मेक अप फॉर द लॉस.’
(इ) ‘ही मेड अप अ नेम.’

उत्तरे : (अ) तिने मनाशी ठरवले आहे. (आ) ही हानी कशानेही भरून निघणार नाही. (इ) त्याने एक काल्पनिक नाव सांगितले. आपले उत्तर शब्दशः असेच असण्याची आवश्यकता नाही. अर्थ अचूक असला म्हणजे पुरे.