जहाज पाचला, दार तीनला

आमचा बुलढाणा जिल्हा समुद्रापासून लांब. खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, ते लोणारचं. ताईने आयुष्यात समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर मुंबईला गेली तेव्हा, तोही चौपाटीवरून. म्हणून तिच्या एकसष्टीला आम्ही भावंडांनी ठरवलं की तिला नि भाऊजींना मोठ्या जहाजाने गोव्याला फिरवून आणायचं. मुंबईहून निघायचं, दोन रात्री पाण्यावर काढायच्या आणि परत मुंबईलाच उतरायचं. मी आणि माझी बायको सोबत. चौघांचे मिळून लाखाच्या घरात पैसे भरले. ते जहाज आम्हाला मिळालं नाही. वर्षभराने पुन्हा पैसे जमवून गेलो तेव्हा मिळालं. या दोन वाऱ्यांमध्ये जे शिकलो ते लिहून ठेवतो, कारण आता आपल्याकडूनही बरेच लोक क्रूझला जाऊ लागलेत. जहाजावर काय काय असतं ते सगळे सांगतात. मलकापूरच्या फलाटापासून जहाजाच्या दारापर्यंत कसं पोचायचं, हे कुणी सांगत नाही.

पहिल्या वेळची चूक माझी. तिकिटावर प्रस्थान सायंकाळी पाच असं छापलं होतं. मी हिशेब केला तो आपल्या एसटीचा. गाडी पाचची म्हणजे साडेचारला स्टँडवर. त्याच तिकिटावर खाली बारीक अक्षरांत चेक-इन दुपारी तीनला बंद होईल असं होतं. ते मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नाही. जहाज निघण्याआधी सगळ्या प्रवाशांची यादी पक्की करून द्यावी लागते, सामान तपासून खोल्यांमध्ये पोचवावं लागतं आणि सुटण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटांची कवायत घेतात. त्यामुळे दार दोन तास आधी लागतं, आणि लागलं की लागलं.

आम्ही रात्री मलकापूरला गाडीत बसलो. मुंबईपर्यंतचं अंतर साधारण पाचशे किलोमीटर. सकाळी सातला पोचायचं म्हणजे तीन वाजेपर्यंत आठ तास हाती, असं मला वाटलं. पहाटे गाडी इगतपुरीला उभी राहिली ती राहिलीच. पुढे घाटात काहीतरी बिघाड झाला होता. चहावाले दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा त्यांचाही चहा संपला. सीएसएमटीला उतरलो तेव्हा पावणेदोन झाले होते.

तरीही जमलं असतं. स्टेशनपासून बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटर. पण टॅक्सीवाल्याला मी म्हणालो, "भाऊ, गोव्याच्या बोटीला जायचं आहे." तो भला माणूस, त्याने आम्हाला भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडलं. त्याचं तरी काय चुकलं? लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेला हा धक्का. कोकणात जाणाऱ्या आगबोटी पिढ्यान् पिढ्या इथूनच सुटायच्या. मुंबईच्या जुन्या माणसाला बोट म्हटलं की हाच धक्का आठवतो. आजही रेवसची लाँच तिथूनच मिळते. आम्ही बॅगा घेऊन मासळीच्या टोपल्यांमधून पाण्यापर्यंत गेलो आणि मोठं जहाज कुठे दिसेना म्हणून विचारत सुटलो. दुसरी टॅक्सी मिळून पी. डिमेलो रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेतून परत येईपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दारावरचा मुलगा अदबीने बोलला. "काका, यादी गेली." भिंतीपलीकडे जहाजाचा पांढरा वरचा भाग दिसत होता. गॅलरीत माणसं उभी होती.

संध्याकाळी आम्ही गेटवेच्या कठड्यापाशी बसलो होतो. साडेपाचच्या पुढे ते जहाज समोरून गेलं, दिवे लागलेले. कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "आपली खोली कोन्त्या मजल्यावर होती रे?" मला उत्तर देता आलं नाही. चौथ्या मजल्यावर होती, मला पाठ होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. वेळेत न पोचणाऱ्याला पैसे परत नाहीत, हे अटींमध्येच असतं. प्रवास विमा काढणार असाल तर एवढंच विचारा: रेल्वेला किंवा विमानाला उशीर होऊन जहाज चुकलं तर भरपाई आहे का, आणि असेल तर उशीर किती तासांचा लागतो. विकणारा आजारपण आणि सामान हरवणं यांबद्दल भरभरून सांगतो. हा प्रश्न आपण विचारल्याशिवाय निघत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट. जहाज ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोचायचं, म्हणजे दोन रात्री आधी घर सोडायचं. एका लॉजच्या खोलीचं भाडं वाचवायला आम्ही लाख रुपये घालवले. आपल्या बाजूने मुंबईला जाताना घाट ओलांडावाच लागतो. पावसाळ्यात तिथे दरडी असतात, रविवारी उपनगरी मार्गावर मेगाब्लॉक असतो. गाडी निवडताना ती निघते कुठून तेही बघा. हावड्याकडून येणारी गाडी चौदाशे-पंधराशे किलोमीटरचा उशीर वाटेत गोळा करत येते. अमरावती एक्स्प्रेस अमरावतीहून सुटते आणि विदर्भ गोंदियाहून, म्हणून मलकापूर-शेगावला त्यांचा भरवसा जास्त. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि क्रूझचं बुकिंग लोक चार-चार महिने आधी करतात. मधल्या काळात रेल्वेचा विषय डोक्यातून जातो. ज्या दिवशी जहाजाचे पैसे भराल त्याच दिवशी कॅलेंडरवर रेल्वे प्रवासाच्या आधीच्या साठाव्या दिवसाला खूण करा. वेटिंगवर राहून निघू नका. आरएसी मिळाली तर गाडीत बसता येतं, पण साठीच्या माणसाला रात्रभर अर्ध्या बर्थवर बसवून दुसऱ्या दिवशी जहाजावर न्यायचं, हे बरोबर नाही.

मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडची मंडळी समृद्धी महामार्गाने जायचं म्हणतात. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता आमणेपर्यंत खुला झाला आहे, आणि दिवसा जायला तो उत्तमच आहे. पण दिवसभराची कामं आटोपून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसू नका. त्या सरळ रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपतो. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ जळालेल्या बसमध्ये पंचवीस माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिवाय आमणेच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी असते, तिला किती वेळ लागेल ते मुंबईकरही सांगत नाही. आणि गाडी तीन दिवस उभी कुठे करणार, हे निघण्याआधी ठरलेलं हवं.

मुक्काम फोर्टात किंवा सीएसएमटीच्या आसपास करा. लॉज महाग वाटत असेल तर स्टेशनवरच रिटायरिंग रूम असतात, पक्क्या तिकिटावर त्या आधी आरक्षित करता येतात. आपल्याकडे अजून एक सवय आहे, साहेबांचं पत्र घेऊन आमदार निवासात उतरायची. मीही उतरलो आहे. पण मुंबईत अधिवेशन असलं की तिथे खोली मिळणं अवघड, आणि हो-नाही शेवटच्या दिवशी कळतं. अशा वेळी त्यावर विसंबू नका. नुसता दिवस काढायचा असेल तर सीएसएमटीला क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं.

टॅक्सीवाल्याला "बोट" म्हणू नका. बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल, असंच सांगा. बंदराच्या दारांना ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट अशी रंगांची नावं आहेत आणि एक चुकलं की मोठा वळसा पडतो. २० सप्टेंबर २०२५ ला तिथे नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन झालं. म्हणून आधी जाऊन आलेल्या पाहुण्याने सांगितलेल्या दारावर जाऊ नका. आपल्या तिकिटावर कोणतं दार आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता कागद. देशातल्या देशात फिरायला पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र मूळ लागतं. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका. आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. ताईचं नाव आधारवर "बाई" लावून आहे, जसं आपल्या भागात अर्ध्या बायकांचं असतं, आणि मी तिकीट काढताना नुसतं नाव घातलं होतं. दुसऱ्या वारीच्या आठ दिवस आधी हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तिने फोन करून दुरुस्त करून घेतलं, म्हणून निभावलं.

विमानतळासारखी सामानाची तपासणी इथेही असते. ताईची चंची यंत्रातून गेली आणि तिकडून एक मुलगी अडकित्ता हातात धरून आली. पितळी, आमच्या आईचा. ताईचा चेहरा पडला. पावती करून त्यांनी तो ठेवून घेतला आणि उतरताना परत दिला. पण पावती न देणारे असते तर? घरची जुनी वस्तू आणूच नये. सुपारी कातरून डबीत घ्यावी. इस्त्री, पाणी तापवायची किटली, सुरी, काडीपेटी यांतलं काहीच आत जात नाही. बाहेरचं खाणंही सहसा जाऊ देत नाहीत. दशम्या आणि चटणी गाडीपुरतीच बांधा.

एक गोष्ट मला आधी कुणीतरी सांगायला हवी होती. किनारा सुटला की थोड्या वेळाने मोबाईलची रेंज जाते. रेंज गेली की फोनपे नाही, ओटीपी नाही, घरी फोन नाही. जहाजावरचा खर्च त्यांच्याच कार्डावर चढतो आणि त्यासाठी आधी काही रक्कम भरून ठेवावी लागते. बंदरात असतानाच ती भरा, घरी निरोप द्या, आणि परतीचं रेल्वे तिकीट कागदावर छापून घ्या.

दुसऱ्या वारीत जहाज सुटलं तेव्हा आम्ही चौघे वरच्या डेकवर होतो. गेटवे समोर आला तसं ताईने पदर सावरला आणि कठड्यावरच्या गर्दीकडे बघत राहिली. "तिथं बसलो होतो," एवढंच म्हणाली. मी मान हलवली. गोवा, जेवण, नाचगाणी यांबद्दल मी लिहीत नाही. ते सगळं छान होतं.

परतीची चूक आम्ही दुसऱ्या वारीत केली. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीतूनच खाली जातात आणि मग धक्क्यावर भेटतात. भाऊजींनी शिस्तीने सगळं आवरून बॅग बाहेर ठेवली. सकाळी नाश्त्याच्या आधी इन्सुलिन घ्यायचं तर पेन त्याच बॅगेत. भाऊजी पलंगावर बसून राहिले. समोर नाश्ता मांडलेला, आणि त्यांना खाता येईना. जहाजावरच्या डॉक्टरांनी निभावून नेलं, त्याचे पैसे वेगळे पडले. पण तो तासभर आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. औषधं, चष्मा, ओळखपत्र, एक कपड्यांचा जोड, चपला हे सगळं खांद्याच्या पिशवीत आणि ती पिशवी उशाशी. जातानाही तसंच, कारण चढतानाही बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते.

जहाज सकाळी धक्क्याला लागतं, पण माणसं गटागटाने उतरवतात. आम्हाला नऊ सांगितले होते, बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. दुपारची सेवाग्राम कागदावर जमते, पण जीव टांगणीला लागतो. आम्ही संध्याकाळची विदर्भ धरली होती. आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं, पण ती मलकापूरला पोचते रात्री अडीचच्या सुमाराला. त्या वेळी बुलढाण्याला एसटी नसते. म्हणून भाचा जीप घेऊन आला. तो दिवसभर कपाशीत राबलेला, रात्रीही जागा. मोताळा सुटलं, राजूरचा घाट लागला, आणि एका वळणावर त्याची मान खाली गेली. माझी बायको ओरडली. जीप कठड्याला घासून थांबली. पलीकडे दरी होती. आम्ही सगळे खाली उतरून अंधारात उभे राहिलो. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

म्हणून कळकळीने सांगतो. मध्यरात्रीनंतर उतरत असाल तर कुणाला घ्यायला बोलावू नका. मलकापूरच्या वेटिंग रूममध्ये पहाटेपर्यंत थांबा. नाहीतर सरळ शेगावला उतरा. तिथे मंदिराच्या संस्थानची भक्तनिवासं आहेत, अंघोळ करून दर्शन घ्या आणि दिवसाउजेडी घराकडे निघा. अजून बरं म्हणजे ती रात्र मुंबईतच झोपून काढावी.

जहाजातून उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. ताईला ओट्यापाशी उभं राहिलं की डोलल्यासारखं व्हायचं, ती घाबरली होती. बहुतेकांचं आपोआप थांबतं. तिचं तिसऱ्या दिवशी थांबलं. तोवर मोटारसायकल चालवू नये, विहिरीच्या काठाशी किंवा शिडीवर जाऊ नये.

आता तिला लक्षद्वीप बघायचं आहे. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. त्याचे फोटो नि कागद मी या आठवड्यात पाठवले, या वेळी नावात "बाई" घालून. जहाज चौदा तारखेला आहे. बारा तारखेला रात्री आम्ही मलकापूरला गाडीत बसणार आहोत.