बारावीनंतरचा उन्हाळा : आत्याचे कानमंत्र

पोरी, शेवटचा पेपर झाल्यापासून तू मोबाइल उशाशी घेऊन दुपारी बारापर्यंत लोळतेस, हे मला दिसतंय. लोळ आठवडाभर, वर्षभर घासली आहेस. मग मात्र ऊठ. पावसाळ्यात कॉलेजसाठी नागपूरला गेलीस की तुझं तुलाच सगळं निस्तरायचं आहे. जे काही चुकायचं असेल ते इथे करडीत, आम्ही मागे उभे असताना चुकून घे.

१. दाखल्यांसाठी निकालाची वाट पाहू नकोस — २०२४ साली निकाल २१ मेला लागला, २०२५ साली ५ मेलाच. निकाल लागला की मोहाडीच्या तहसीलीत अख्खा तालुका रांगेत असतो. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर लगेच काढ, कारण जुन्याची मुदत ३१ मार्चला सरते. लग्नाआधी हळद, प्रवेशाआधी दाखला.

२. जात वैधतेचं अजून अडलं असेल तर सगळ्यात आधी तेच धर — आपल्या ओबीसी घराला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो मोबाइलमध्ये नसतो. आबाजींच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा माग, गावचं कोतवाल बुक पाहायला सांग. काकाच्या पोराची वैधता झाली असेल तर तीही जोड. जात पडताळणी समिती भंडाऱ्यात बसते. जाताना प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स जास्त ने.

३. मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर बोट लावून वाच — कुठे बाबूजींच्या नावापुढे ‘जी’ असतं, कुठे नसतं, आणि फॉर्म अडतो तो तिथेच.

४. अठरा पूर्ण झाली की बँकेत जाऊन लहानपणीचं खातं मोठं करून घे आणि आधार जोडलंय का ते काउंटरवर विचार — महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यातच येते. दोन खाती असली तर आधार शेवटी कुठे जोडलं, तिकडे जाते.

५. इंजिनिअरिंग-फार्मसीकडे जाणार असशील तर प्रवेश कॅप फेरीतूनच घे — २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरच्या मुलींना अशा अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ती माफी गेली. बाबूजी धान विकून फी भरायला तयार होतील. तू होऊ देऊ नकोस.

६. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जायचंच असेल तर आईच्या घोळक्यात जा, आणि वाकून पानं तोडताना अधूनमधून हाळी देत राहा — कोक्याचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथली जनावरं आपल्याही आधी उठतात. अभयारण्याच्या हद्दीत पाऊल नको. सत्तर पानांचा पुडा स्वतः मोजून बांध, मिळालेले पैसे तुझ्याच खात्यात टाक. आणि अकराच्या आत घरी. सकाळी गेलेली पानं आणते, दुपारी गेलेली ताप आणते.

७. वैनगंगेत पोहायला मैत्रिणींनी कितीही ओढलं तरी अनोळखी जागी उतरू नकोस — रेती उपसलेल्या ठिकाणी खाली डोह असतो आणि वरून पाणी गुडघाभरच दिसतं.

८. एकटीपुरता भात लावायला शिक — आपल्या घरी आठ माणसांचा गंज चढतो, त्या हाताने खोलीवर लावलास तर तीन दिवस तोच खाशील. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त. आई ते बोटाच्या पेराने मोजते, तेवढं नीट बघून घे.

९. जूनआधी एकदा एकटी नागपूरला जाऊन ये — वरठीहून रेल्वे आहे, एसटीने गेलीस तर तिकीट अर्धं. बसस्टॉपपासून मनातल्या कॉलेजपर्यंत पायी चाल, वाटेत दवाखाना कुठे आहे ते पाहून ठेव. परत आल्यावर काय काय चुकलं ते मला सांग, बाबूजींना सांगायची घाई नाही.

१०. मार्क मनासारखे नसले तर रडून झाल्यावर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागव — बेरीज चुकलेली असू शकते, आणि अर्जाची मुदत थोड्या दिवसांचीच असते.

११. वर्गातल्या ज्या मुली पुढे शिकणार नाहीत, ज्यांचं लग्न ठरलंय, त्यांच्या घरी या उन्हाळ्यात मुद्दाम जा — दिवाळीत तू येशील तेव्हा त्या सासरी असतील. कॉलेजच्या गप्पा तिथे जरा कमी मार, त्यांचं ऐक.

१२. आजीला व्हिडिओ कॉल उचलायला शिकव, रोज एकदा, चिडचिड न करता — तिला हिरवं बटन कळतं, ते सरकवायचं कळत नाही. तू गेल्यावर तिला शिकवायला आमच्यापैकी कुणाला धीर नाही.

१३. पहिला महिनाभर शनिवार आला की घरी पळून येऊ नकोस — खोलीवरचा पहिला रविवार जड जाईल, तो तिथेच काढ. रोवणीला बाया मिळतात, आमचं आम्ही पाहू. पोळ्याला ये, आणि येताना मळके कपडे धुऊन आण.