बाहेरच्या जेवणाचा हिशेब : भिलाईच्या निमित्ताने

पोलादनगरी भिलाईमध्ये घराबाहेर जेवणे ही प्रथम हौस नव्हती, कामाची गरज होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टी रात्रीही धगधगती ठेवावी लागते. म्हणून काम तीन पाळ्यांत चाले. घरचा डबा नसेल, तर कारखान्याचे उपाहारगृह हाच आधार. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह बंधनकारक करण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाना अधिनियमाने राज्य शासनांना दिला होता. आज सिव्हिक सेंटर किंवा सुपेला येथे सायंकाळी सहकुटुंब जेवावयास जाणे हा मात्र विरंगुळ्याचा भाग झाला आहे. गरज हौसेत बदलली, की तिचा हिशेबही निराळा मांडावा लागतो.

आकडे काय सांगतात?

उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, असा सिद्धान्त जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडला. भारताचा अनुभव त्यास पुष्टी देतो. शहरी भागात हा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ४८ टक्के होता. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात तो ३९.६८ टक्क्यांवर आला. परंतु याच काळात पेये, अल्पोपाहार आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा ६.३५ टक्क्यांवरून ११.०९ टक्क्यांवर गेला. उपाहारगृहातील जेवण याच गटात मोजले जाते. अन्नाच्या खर्चात हा गट आता सर्वांत मोठा आहे.

याच सर्वेक्षणानुसार छत्तीसगडच्या शहरी भागातील दरमहा दरडोई खर्च सरासरी ४,९२७ रुपये असून तो देशातील सर्व राज्यांत सर्वांत कमी आहे. या सरासरीने चौघांच्या कुटुंबाचा मासिक खर्च १९,७०८ रुपये होतो. असे कुटुंब महिन्यातून दोनदा प्रत्येकी एक हजार रुपयांचे जेवण घेईल, तर पाच टक्के वस्तू व सेवा करासह २,१०० रुपये लागतील. म्हणजे सर्व खर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम केवळ दोन सायंकाळींसाठी! घरपोच मागविलेले पदार्थ आणि रोजचा चहा-नाश्ता यात धरलेलाच नाही.

देयक वाचण्याची सवय

बहुतेक उपाहारगृहांत कराचा दर पाच टक्के आहे. सेवाशुल्क हा मात्र कर नव्हे. ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर अवलंबून असते. ते देयकात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यास पूर्ण रक्कम मुदतीत भरणे अत्यावश्यक आहे. थकीत रकमेवरील व्याज अनेकदा दरमहा तीन टक्क्यांहून अधिक असते. जेवण पचून जाते, व्याज मात्र वाढत राहते.

नियोजन कसे करावे?

प्रथम एक महिना बाहेरच्या खाण्याची प्रत्येक रक्कम, चहाच्या कपासह, वहीत लिहावी. किराणा आणि बाहेरचे खाणे हे दोन रकाने वेगळे ठेवावेत. त्यानंतर कुटुंबाने एकत्र बसून मर्यादा ठरवावी; मुलांनाही त्या चर्चेत सामील करून घ्यावे. वरील उदाहरणातील कुटुंबाने दोनऐवजी एकदाच बाहेर जेवून वाचलेले एक हजार रुपये दरमहा आवर्ती ठेवीत भरले, तर ६.५ टक्के व्याजदर धरल्यास पाच वर्षांत सुमारे ७१ हजार रुपये जमतील. मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी ही रक्कम मोलाची ठरेल.

बाहेर जेवूच नये, असा याचा अर्थ नाही. आधी ठरवून, ऐपतीत राहून घेतलेल्या जेवणाची गोडी महिनाअखेरच्या चिंतेने कडू होत नाही, एवढेच.