शेतातील जीवसृष्टीची नोंदवही

शेतात पिकाबरोबर कीटक, कोळी, पक्षी, बेडूक आणि नाना प्रकारच्या वनस्पती वाढत असतात. शेतकरी बंधू-भगिनी त्यांना रोज पाहतात. परंतु तारीख व ठिकाणासह त्यांची नोंद क्वचितच ठेवली जाते. अशी नोंद ठेवल्यास फवारणीचा निर्णय अचूक घेता येतो आणि नवीन किडीची चाहूलही लवकर लागते.

नोंदीचे महत्त्व

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातही दिसून आली. या किडीचा पतंग लांबवर उडत जातो. त्यामुळे पहिल्या काही झाडांवरील अळी ज्याने ओळखली, त्याची नोंद साऱ्या परिसराला सावध करते. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, या खुणांवरून ही अळी ओळखावी.

मित्र की शत्रू?

चुकीची ओळख महागात पडते. ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटल) अळी काळसर, लांबट, मगरीसारखी दिसते व तिच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. ती प्रौढ किड्यासारखी मुळीच दिसत नसल्याने पुष्कळदा कीड समजून मारली जाते. वास्तविक एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावा खाते. याउलट वांग्यावरील एपिलॅक्ना भुंगा दिसायला ढालकिड्यासारखाच, पण पाने खरवडून खाणारा आहे. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लव असलेली, निस्तेज असते. अळी पिवळी व काटेरी असते. पानावर बारीक दांड्याच्या टोकाला पांढरी अंडी दिसल्यास ती क्रायसोपा या मित्रकीटकाची समजावीत.

नोंद कशी करावी?

१) आठवड्यातून एक वार ठरवून सकाळी शेताच्या वेगवेगळ्या भागांतील २० झाडे तपासावीत. फक्त बांधालगतची झाडे पाहू नयेत.

२) तारीख, वेळ, गट क्रमांक, पीक व त्याचे वय, आढळलेला जीव आणि संख्या लिहावी. उदा. १२ जुलै, सकाळी ८, मका २० दिवसांचा, २० पैकी ३ झाडांवर अळी.

३) काहीच न आढळल्यास शून्य लिहावे. कीड केव्हा आली, हे आधीच्या शून्यावरूनच कळते.

४) कीटकाचे छायाचित्र वरून, बाजूने व डोक्याजवळून घ्यावे. आकार कळण्यासाठी शेजारी नाणे ठेवावे. वनस्पतीचे पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल व फळ टिपावे.

५) ओळख पटली नसल्यास तसेच लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये.

६) साप, विंचू यांना हात लावू नये. दुरूनच नोंद करावी.

नावाची खात्री

एकाच वनस्पतीला गावोगावी निरनिराळी नावे असतात. गाजर गवत आणि काँग्रेस गवत ही एकाच तणाची नावे. शास्त्रीय नाव मात्र एकच, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. म्हणून स्थानिक नावापुढे शास्त्रीय नावही लिहून ठेवावे. त्यासाठी नमुना अथवा छायाचित्र जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावे. मोबाईल असल्यास आयनॅचरलिस्ट या मोफत साधनावर छायाचित्र, तारीख व ठिकाण देता येते. जगभरातील जाणकार ओळख पटविण्यास मदत करतात. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड उपयुक्त आहे. मात्र फवारणीचा निर्णय केवळ मोबाईलने सुचविलेल्या नावावरून घेऊ नये.

गावाची नोंदवही

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. बांधावरची झाडे, रानभाज्या, जुने वाण, पक्षी यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून व महिलांकडून घेऊन या नोंदवहीत भर घालावी. जाणती पिढी गेल्यावर ही माहिती पुन्हा मिळणार नाही.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामात एका पिकापासून व ओळखीच्या पाच जीवांपासून सुरुवात करावी. दोन-तीन हंगामांनंतर कोणती कीड केव्हा येते व तिच्यामागे कोणता मित्रकीटक येतो, हे आपलीच वही सांगू लागेल. त्यामुळे अनावश्यक फवारणीचा खर्च वाचेल.