गेंड्या भुंगा: माडावर चढण्याआधी खड्डा उकरा

मृग लागल्यापासून किनारपट्टीच्या बागायतदारांची तक्रार एकच आहे. माडाची नवी झावळी उमलते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. हे काम गेंड्या भुंग्याचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, औषध कुठलं मारू?" मी उलट विचारतो, शेणखताचा खड्डा शेवटचा कधी उकरलात? त्यावर बहुतेकजण विषय बदलतात.

भुंगा सुरळीत शिरतो तो खायला. अंडी घालायला मादी जाते अर्धकच्च्या शेणखतात, पातेऱ्याच्या ढिगात, लाकडाच्या जुन्या भुशात आणि कुजत पडलेल्या माडाच्या खोडात. जाड, पांढरी, विळ्यासारखी वाकलेली अळी तीन-चार महिने तिथेच कुजके खाऊन पोसते. माडाच्या मुळांना ती तोंड लावत नाही. तिला हुमणी समजून आळ्यात कीटकनाशक ओतणारे आजही भेटतात. त्यापेक्षा तेच पैसे खाडीत टाकावेत, निदान आळ्यातली गांडुळे तरी जगतील.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत माड-पोफळी आडव्या केल्या. पुढल्या पावसाळ्यात एका वाडीत गेलो, तर पडलेली खोडे 'आपोआप कुजतील, मातीलाच खत' म्हणून कुंपणाशी रचून ठेवलेली. एक खोड पहारीने फोडले. हातभर तुकड्यात पंचवीस-तीस अळ्या! वाचलेल्या तरण्या माडांच्या सुरळ्या पोखरलेल्या, आणि त्या जखमांतून दोन झाडांत सोंड्या भुंगाही शिरलेला. सोंड्या उशिरा कळला की माड सहसा हाती लागत नाही.

त्या मालकांचे एक म्हणणे मात्र खरे होते. जांभ्याच्या मातीला लाकडासारखा सावकाश कुजणारा पदार्थ हवाच, एरवी इथला पाऊस तिच्यात काही ठेवत नाही. फक्त ते लाकूड वाडीत अख्खे पडून राहता कामा नये. खोड फोडा. सरपणाला जाईल ते जाऊ द्या, उरलेल्याचे बारीक तुकडे करा. तुकड्यांचा थर, त्यावर गिरिपुष्पाचा ओला पाला, वर शेणकाला, असा ढीग छपराखाली रचा. मूठभर माल दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. ढीग चांगला तापला तर अळी तगत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी तो उलथा, आणि त्या वेळी कोंबड्या सोडा. अळ्या वेचायला याहून स्वस्त गडी मिळणार नाही. लाकडाला वर्षही लागते. घाई करू नका.

घाईवरून आठवले. एका रोपवाटिकेत सॉ मिलचा ताजा भुसा थेट मातीत कालवला होता आणि महिन्याभरात रोपे पिवळी पडली. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्ब तीनशे भागांहून जास्त असतो. तो कुजवायला जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. मालक पिवळेपणावर बुरशीनाशक फवारत बसले होते.

शेणखताचा खड्डा आता, याच आठवड्यात, तळापर्यंत उकरा. ज्या खड्ड्यात उष्णता नाही आणि ओल आहे, तिथे मेटारायझियम बुरशी मिसळा. पावसाळी हवा तिला मानवते. मेलेल्या अळीवर हिरवट पूड दिसली की ती लागू पडली असे समजा. खड्ड्यात डिझेल, फिनेल, राखेत कालवलेले मीठ असले घरगुती शोध कृपा करून थांबवा. डिझेलने अळीबरोबर खतही मरते आणि ते खत पुढे तुम्हीच आळ्यात घालणार असता.

माडावरचे काम थोडके आहे. भोकातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढा. सुरळीलगतच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरा. लहान माड आधी घ्या, त्यांचा शेंडा एकदा गेला की झाड संपते. आणि शेजाऱ्यालाही त्याचा उकिरडा उकरायला लावा, भुंगा रात्री उडतो आणि त्याला कुंपण कळत नाही.